शून्याचं कारण लिहून द्या

मशीनवालीला राग आणायचा असेल तर फार काही करावं लागत नाही. तिच्या दुकानात जायचं, काउंटरमागे बसलेल्या तिच्या बारा वर्षांच्या मुलीकडे बघायचं आणि गोड आवाजात विचारायचं, "काय गं, कितवीत आहेस?" मुलीनं तोंड उघडायच्या आत आई हातातला पेचकस खाली ठेवते.

"कितवीतच नाही. तुमच्या मशीनला काय झालंय ते बोला."

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नाही. म्हणून ती मशीनवाली. मुलगी एका जागी ठरत नाही, म्हणून ती भिंगरी. नवरा लांबच्या गाड्या चालवतो, महिन्यातले आठ दिवस घरी असतो आणि त्या आठ दिवसांत वाद घालायचा नाही असं त्यानं ठरवलेलं आहे. राहता राहिला मशीनवालीचा थोरला भाऊ. तो मुख्याध्यापक. आता बोला. ज्याची सख्खी भाची शाळेत जात नाही, त्यानं पालकसभेत कुठल्या तोंडानं हजेरीवर भाषण द्यायचं?

चार वर्षांपूर्वी भिंगरी तिसरीत होती. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मग एकदा मशीनवालीनं वही उघडली. गणिताची उत्तरं चुकलेली होतीच, पण ती हातच्याची चूक नव्हती. ती भलतीच उत्तरं होती, कुठल्याच गणिताची नसावीत अशी.

"हे गं कुठून आणलंस?"

"शेजारणीचं बघून लिहिलं."

"तिला येतं का?"

"नाही. पण जागा रिकामी ठेवली की उभं करतात."

मशीनवालीनं वही मिटली. ही खोड तिला चांगली ठाऊक होती. ती स्वतः नऊ वर्षं शाळेत गेली आणि कळलं नसताना मान डोलवायला तेवढी शिकली. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली लागली, तेव्हा ती डोलणारी मान घेऊनच लागली. एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मशीन टाके सोडत होतं. का सोडतंय ते हिला कळेना, पण विचारायची लाज. हिनं सगळं खोललं, जिथं जोर लावायला नको तिथं लावला आणि खालच्या दोऱ्याचं शटल कायमचं वाकवून ठेवलं. त्या बाई दुकानात खुर्चीवर बसून रडल्या. मिस्त्री ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माहीत नाही म्हणायला लाज वाटत असेल तर उद्यापासून पेचकसला हात लावू नकोस."

वही बघितल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मुलीचं नाव शाळेतून काढलं. भावानं आकाशपाताळ एक केलं. ती म्हणाली, "दादा, तुम्ही शाळावाले माझ्या पोरीला खोटं बोलायला शिकवताय, आणि तेही माझ्याकडून फी घेऊन."

पुढचं सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिले आठ महिने भिंगरीनं गणिताला हात लावला नाही. आपण पोरीचं वाटोळं तर करत नाही ना, असं मशीनवालीला आंघोळ करतानासुद्धा वाटायचं. मग भिंगरीला स्वतःसाठी फ्रॉक शिवायचा होता. मापं जुळेनात, तेव्हा ती अपूर्णांक घेऊन बसली आणि पंधरा दिवसांत ते शिकूनच उठली. एक अख्खा उन्हाळा तिनं वाचनालयात ताऱ्यांच्या मागे घालवला. परदेशी मशीनची पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. घरात नियम एकच होता. येत नसेल तर मोठ्यानं सांगायचं आणि उठून शोधायला जायचं. कुणाला विचारलं, कुठं बघितलं, ते शेवटी लिहून ठेवायचं.

आणि नेमका तोच नियम अंगाशी आला.

घरी शिकणाऱ्या मुलाला बाराव्या वर्षी शिक्षण कार्यालयात जाऊन परीक्षा द्यावी लागे. पास झालं तर पुढे तीन वर्षं कुणी विचारायला येत नसे. नापास झालं तर येत्या सोमवारपासून शाळा. मशीनवालीला चार रात्री झोप नाही. भिंगरी मात्र उशीला डोकं टेकलं की ठार. शुक्रवारी सकाळी मामाही कार्यालयात हजर झाला. तोंडानं म्हणाला, "सहज आलो." नखं कुरतडून बोटं लाल झाली होती.

खोलीत सहा मुलं, बाहेर बाकावर पालक. अर्ध्या तासानं दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली. आईकडे बघून हसली, जिना उतरून खाली गेली. पर्यवेक्षकांना वाटलं, शौचालयात गेली असेल. मशीनवालीलाही तसंच वाटलं. वीस मिनिटं झाली तरी पोरीचा पत्ता नाही, तेव्हा शिपाई शोधायला गेला. तळमजल्यावर नकाशांची खोली होती. भिंगरी तिथं स्टुलावर चढून भिंतीवरच्या भल्यामोठ्या नकाशावर दोरा लावत होती आणि दोऱ्याचं दुसरं टोक नकाशाच्या कारकुनांनी धरलं होतं.

चौथा प्रश्न होता, आपल्या नदीची लांबी किती. भिंगरीला येत नव्हतं. म्हणून ती उठून शोधायला गेली. परीक्षेत उठायचं नसतं, हे तिला आईनं सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. पण ते सांगायची वेळ येईल असं आईच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पेपर संपल्यावर कार्यालयाच्या अधिकारी साहेबांनी तिची उत्तरपत्रिका वाचली. चौथ्या प्रश्नापुढे तिनं खालून आल्यावर लिहिलं होतं, "मला माहीत नव्हतं. नकाशाच्या काकांना विचारलं, त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आम्ही नदीच्या वळणांवर दोरा लावून मोजलं. एकशे अडतीस किलोमीटर. दोरा दोनदा सरकला, म्हणून थोडं कमी आलं असेल."

"एकशे चाळीस," साहेब म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "ही सरळ सरळ कॉपी आहे."

मामा पुढे सरसावला. तो साहेबांना ओळखत होता. दोघांची कोपऱ्यात कुजबुज झाली आणि मामा एक कागद घेऊन बहिणीकडे आला. त्याच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. मुलीची प्रकृती ठीक नसल्याने ती शौचालयात गेली होती. चौथा प्रश्न रद्द धरावा.

"बाकीचे सगळे बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "फक्त सही कर. तीन वर्षं मोकळी होशील."

मशीनवालीनं पेन घेतलं. हो, घेतलं. तिला उगाच थोर करायला नको. तीन वर्षं तिच्या डोळ्यांपुढे नाचत होती आणि पेनाचं टोक कागदाला लागलंसुद्धा होतं.

"आई," भिंगरी म्हणाली, "मी शौचालयात कधी गेले?"

मशीनवालीचा हात थांबला. तिनं मुलीकडे बघितलं, मग कागदाची चौघडी करून ती भावाच्या खिशात घातली.

"ती उत्तर शोधायला गेली होती, साहेब."

"मग शून्य," साहेब म्हणाले. "सगळ्या पेपरला. सोमवारपासून शाळा."

"द्या शून्य. त्या फॉर्मवर कारणाचा रकाना आहे ना? कारण लिहून द्या."

साहेबांनी लिहिलं, गैरवर्तन.

"काय गैरवर्तन केलं? भांडली? शिव्या दिल्या?"

साहेबांनी ते खोडलं आणि कॉपी असं लिहिलं.

"कुणाची? कुणाला विचारलं ते तर तिनंच लिहून दिलंय. चोर घरमालकाला चिठ्ठी ठेवून जातो का?"

बाहेरच्या बाकावरचे पालक दारात येऊन उभे राहिले होते. नकाशाचे कारकूनही जिना चढून आले होते. साहेबांनी कपाळ पुसलं. "बाई, नियम मी केलेले नाहीत."

"मीही नाही केले. जे झालं ते लिहा. मी इथून हलणार नाही."

ती खरंच हलली नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली, तरी ती टेबलासमोर उभी. शेवटी साहेबांनी नवा फॉर्म घेतला आणि दात आवळून लिहिलं, "उत्तर माहीत नसल्याने विद्यार्थिनी ते शोधण्यास गेली व शोधून आली. सबब नापास." खाली साक्षीदाराची सही लागत होती. कुणी पुढे होईना. मग मामानं पेन उचललं, सही केली आणि सहीखाली आपलं पद लिहिलं, मुख्याध्यापक.

जिना उतरताना भिंगरीनं विचारलं, "आई, तू सही करणार होतीस?"

"हो."

"का?"

"घाबरले होते. अजूनही घाबरलेय. आता नोटीस येईल, पुढे काय करतील देव जाणे."

"मग सोमवारी मी शाळेत जायचं?"

"तुला जायचंय?"

"नाही."

"मग संपलं."

सोमवारी पलीकडच्या शाळेची घंटा झाली, तेव्हा मशीनवालीनं दुकानाचं शटर पार वरपर्यंत ढकललं आणि भिंगरीचं स्टूल काउंटरमागून काढून अगदी रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असं मांडलं.