काळे वाटाणे आणि बोअरचं पाणी

कांजूरमार्गची आमची चाळ पाडली तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं ते खोल्यांचं, ओट्याचं, शेजाऱ्यांचं. नळाचं वाईट कुणालाच वाटलं नाही. उलट रोज पहाटे उठून पिंपं भरण्यातून सुटका झाली म्हणून आम्ही खूश होतो. नवी इमारत उभी राहीपर्यंत बिल्डरने साकीनाक्याजवळ भाड्याचं घर बघून दिलं होतं आणि तिथे म्हणे चोवीस तास पाणी. कधीही नळ सोडा, धो धो. आई पहिले काही दिवस काम नसताना मोरीत जाऊन नळ सोडून बघायची आणि हसत बाहेर यायची.

ते पाणी बोअरचं होतं. कुणी लपवलं नव्हतं. त्या इमारतीला पालिकेची जोडणी अजून मिळाली नव्हती. प्यायला पाण्याचे मोठे जार विकत यायचे, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं म्हणजे जमिनीतलं, म्हणजे गावच्या विहिरीसारखंच की, असं बाबांचं मत पडलं, आणि बाबांचं मत पडलं की आमच्याकडे विषय संपायचा.

पहिल्यांदा भांडण झालं ते साबणाशी. कितीही घासा, फेस म्हणून येईना. वडी मात्र झरझर झिजायची आणि अंगावर एक चिकट थर राहायचा. "आंगोळ केली काय आणि नाय केली काय, सारख्याच," असं बाबा टॉवेल झटकत म्हणायचे. त्यांचे पांढरे शर्ट महिनाभरात राखाडी दिसायला लागले. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी आली. स्टीलच्या ताटांवर पुसूनही न जाणारे डाग राहायचे, मग आई चिंच घेऊन बसायची. माझे केस सुंभासारखे झाले. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे माझे केस हा घरातला सार्वजनिक प्रश्न होता आणि गावाहून येणारा प्रत्येक माणूस त्यावर एक तेल सुचवून जायचा.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. वाटाण्यांचं नेता आलं नाही.

आम्हा मालवणी माणसांत सणाला, कार्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं लागतंच. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलेलं, दाट, आणि वाटाणा असा शिजलेला की जिभेने दाबला तरी फुटावा. चाळीत कुणाकडे बारसं असो की साखरपुडा, वाटाणे आईकडे. हे काम तिच्याकडे कधी कुणी दिलं नव्हतं, आपोआप गेलं होतं. आणि तिचा एकच नियम होता, सोडा घालायचा नाही. सोड्याने वाटाणे लवकर शिजतात हे तिला माहीत होतं, पण तो तिच्या लेखी चोरटेपणा होता. "सोडो घालून शिजवूचे तर वाटाणे कित्याक? दगड शिजवा," म्हणायची.

साकीनाक्याच्या घरात वाटाणे शिजेनात. रात्रभर भिजवले, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या, तरी दाताखाली कचकच. आईने आधी वाण्याला शिव्या घातल्या, मग कुकरची रिंग बदलली. मग गावाहून वाटाणे मागवले. तेही तसेच. हळूहळू तूरडाळही बिघडली. वरणात डाळ एकीकडे, पाणी एकीकडे.

जारचं पाणी घरात होतं, पण ते प्यायचं. "शिजवूक कित्याक इकतचा पाणी? उकाळला काय सगळा सारख्याच," हे आईचं वाक्य आम्हा सगळ्यांना इतकं पटलेलं होतं की त्याच्या पलीकडे कुणाचं डोकं चाललंच नाही.

चाळीतल्या एका जुन्या शेजारणीच्या नातीचं बारसं निघालं आणि सांबाऱ्याचा निरोप नेहमीप्रमाणे आईकडे आला. तिने दोन मोठी पातेली शिजवून नेली. पंगतीला मी वाढत होते. लोक जेवले, चांगलं झालंय म्हणाले. पण शेजारीण आजी बिचारी कवळीने वाटाणे चावता येईनात म्हणून ते हळूच ताटाच्या कडेला लावत गेली. काळ्या वाटाण्यांची नीट रांग. आईने ती बघितली. घरी आलो. चप्पल काढताना म्हणाली, "माझो हात गेलो गो."

"काय आई, वाटाणे जून असतील."

"वाटाणे जून नाय. मी जून झालंय."

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाक माझ्यावर आणि वहिनीवर सोडला. रागावून नाही, ते परवडलं असतं. ती नुसती टीव्हीसमोर जाऊन बसली. आम्ही विचारलं की "तुमी बघा काय ता" म्हणायची. जिच्या आवाजावर सगळा मजला चालायचा ती बाई मालिकेतल्या सुनांकडे बघत बसलेली मला बघवत नव्हती. मी घाबरले होते, हे आता कळतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तर ती घरात नेमकी कुठे राहणार, हे मला ठाऊकच नव्हतं.

गणपतीला गावी गेलो. तिथेही ती वाटाण्यांना हात लावायला तयार नव्हती. पण काकी बाळंतपणातून उठलेल्या लेकीचं करण्यात अडकलेली, तिने वाटाण्यांचं भांडं सरळ आईपुढे आदळलं. "सोंगा नको करू. लाव चुलीर." आईने लावले. तासाभराने मी मागच्या पडवीत गेले तर ती चुलीपुढे बसून एकेक वाटाणा बोटांत दाबून बघत होती. लोण्यासारखे शिजले होते. मला बघून ती रडली, चांगली हुंदके देऊन. काकीला वाटलं मुंबईत काहीतरी भलतंच झालंय.

परतीच्या दिवशी लोक कोकम घेतात, तांदूळ घेतात, नारळ घेतात. आमच्या आईसाहेबांनी तेलाचा रिकामा कॅन घासूनपुसून त्यात विहिरीचं पाणी भरून घेतलं. आम्ही जाम चिडवलं. एसटीच्या कंडक्टरला तर ताडी-माडीच असणार अशी खात्री होती, त्याने झाकण उघडून वास घेतला आणि नुसतंच पाणी बघून आमच्याकडे दयेने पाहिलं. आई कुणाला काही सांगेना.

घरी आल्यावर तिने एकाच पुडीतले वाटाणे दोन भांड्यांत भिजवले, एक विहिरीच्या पाण्यात, एक नळाच्या. शिजवलेही वेगवेगळे. मग दोन वाट्या बाबांसमोर ठेवल्या. बाबांनी एक वाटी संपवली, दुसरीतला एक दाणा चावला आणि थांबले.

"म्हंजे माझो हात बरो आसा," आई म्हणाली. तिने हे विचारलं नाही, सांगितलं. मग मोरीत गेली आणि नळाकडे बघून अशा काही अस्सल मालवणी शिव्या घातल्या की वहिनीने लेकाचे कान झाकले.

त्या दिवसापासून शिजवायला जारचं पाणी आणि आई पुन्हा ओट्यापाशी. तिने मजल्यामजल्यावर जाऊन बायकांना सांगितलं. पुढे पुढे तर जे बिघडेल ते पाण्यामुळेच. माझे केस पाण्यामुळे, बाबांचा खोकला पाण्यामुळे, वरच्या मजल्यावरचं लग्न मोडलं तेही पाण्यामुळे. त्या घराची मला आता फार आठवण येते. त्या घाणेरड्या पाण्याचीसुद्धा येते. तेव्हा जे जे बिघडायचं ते दुरुस्त करता यायचं, जार मागवला की झालं.

पुढे कांजूरमार्गची इमारत उभी राहिली, पालिकेचं पाणी आलं. हातावर साबण फेसाळला तेव्हा बाबा लहान मुलासारखे हसले. वाटाणे मऊसूत शिजायला लागले. माझं लग्न झालं, मी मुलुंडला आले, सणाला माहेरी जात राहिले.

गेल्या वर्षी अशीच गेले होते. आई नेहमीसारखी सगळ्यांना वाढून मग आपल्या पानावर बसली. सांबाऱ्यात मीठ अजिबात नव्हतं आणि वाटप जळून कडू झालं होतं. वाटाणे मात्र लोण्यासारखे. आम्ही सगळे मुकाट जेवत होतो. आईने पहिला घास घेतला, थांबली, आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली.

बाबा भात कालवत म्हणाले, "पाण्याचाच काम हां ह्या. टाकी धुतलेली दिसता."

आईने त्यांच्याकडे बघितलं.

"होय," ती म्हणाली. "पाणीच असतला."

जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते. ती शेजारी येऊन ओटा पुसायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हय इलंस की मीठ तूच घालीत जा हां आता."

मी हो म्हटलं आणि नळ मोठा केला.