फ्रीजमधल्या जिवंत पुड्या

शेंगेचं रोप दिसलं की तो उपटायचाच. मुळं झटकायची, त्यावरची गाठ नखानं फोडायची आणि आत गुलाबी दिसलं की म्हणायचं, "जिवंत आहे, अक्का." मी डब्यात लावलेला घेवडा असाच गेला. घेवडा मेला त्याचं काय, असं विचारलं तर म्हणाला, गाठ तर चांगली होती. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

मलकपेठेत आमच्या माडीवरची खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. तेव्हा ज्याला त्याला स्वतःचा धंदा काढायचा होता. यानं सरकारी नोकरी सोडली आणि जिवाणू खताच्या पुड्या करायला घेतल्या. कोळशाच्या भुकटीत जिवाणू मिसळून तो पुड्या भरायचा. पेरणीआधी ती भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची. जिवाणू मुळांत गाठी करतात आणि हवेतून पिकाला खत देतात. मी चौथी शिकलेली, पण मला हे समजलं. समजावताना तो घाई करत नसे.

उष्णतेनं जिवाणू मरतात म्हणून पुड्या माझ्या नव्या फ्रीजमध्ये आल्या, कोथिंबिरीशेजारी. पाहुण्यांना मी सांगायची, हात नक्को लावू, त्यात किडे आहेत. मग आमच्याकडं कुणी थंड पाणी मागेना.

पुड्या मात्र खपत नव्हत्या. शेवटी दिलसुखनगरचा एक बियाण्याचा दुकानदार म्हणाला, शेतात गाठी दाखव, सगळा माल मी घेतो. नाहीतर खोली सोडून गावी परतायचं, एवढंच याच्या हाती उरलं होतं. माझ्या धाकट्या भावाचं जहीराबादकडं रान आहे. मी सांगितल्यावर त्यानं तुरीसाठी एक तुकडा दिला. पुडी लावल्यावर वेगळं खत लागत नाही, हे यानं भावाला बजावलं होतं.

तूर गुडघ्याएवढी झाल्यावर आम्ही दुकानदाराला घेऊन गेलो. पीक हिरवंगार. भाऊ बांधावर नवरदेवाच्या बापासारखा उभा. यानं एक रोप उपटलं, मग दुसरं, मग तिसरं. मुळं साफ. एखादी बारीक गाठ होती, तीही आतून पांढरी. दुकानदार घड्याळ बघत झाडाखाली जाऊन उभा राहिला.

यानं भावाला हळूच विचारलं, "पटेल, युरिया टाकला का?"

"हौ," भाऊ खुशीत म्हणाला. "चार लोकांत तुमचं नाव जायला नको म्हणून. अक्कालाही बोललो नाही."

आयतं खत मिळालं की रोप गाठी धरत नाही, हे यानंच मला सांगितलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यानं माझ्याकडं बघून मान हलवली. मग दुकानदाराकडं गेला. "माझ्याच पुड्या मेल्या असतील, साहेब. वाटेत ऊन लागलं असेल."

दुकानदार गेला. धंदाही गेला.

परतताना बसमध्ये मी त्याला झाडलं. येडा आहेस का, म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"माझ्यासाठीच टाकला ना त्यांनी," म्हणाला. "तुम्हीपण सांगू नका, अक्का."

महिन्याअखेरी त्यानं खोली रिकामी केली. पुढं त्याचं काय झालं, मला ठाऊक नाही. आता माडीवर पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं राहतात. माझा नवा घेवडा पार गच्चीपर्यंत चढलाय, कुणी हात लावत नाही.

भाऊ अजून येतो. जेवताना त्याची आठवण काढतो.

"माणूस सोन्यासारखा होता, अक्का. पण त्याच्या पुडीत दम नव्हता."

"हौ, नव्हता," मी म्हणते आणि त्याला वरण वाढते.