टॉवेलाखालचा सौदा

वयाच्या एकविसाव्या वर्षी मला फुटबॉलमधलं सगळं कळत होतं. माहेर नांदेडचं, दोघं भाऊ खेळायचे, आणि मी मैदानाच्या काठावर बसून त्यांच्या चपला सांभाळायची. एवढ्या भांडवलावर मी निलंग्याच्या बाजूला सासरी आले आणि तज्ज्ञ झाले. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा, माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

सासरच्या माळवदावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, गावचं मैदान सबंध दिसायचं. सुनेनं मैदानावर जायची रीत नव्हती, पण मिरच्या वाळत घालायला माळवदावर जायला कोण अडवणार? दर रविवारी चार वाजता मी मिरच्यांचं सूप घेऊन वर. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. त्या मिरच्या पहिल्याच रविवारी वाळून कडकडीत झालेल्या. तरी मी सहा महिने त्याच वाळवत होते. सासूबाईही वर यायच्या, मी मिरच्या नीट पसरल्यात का ते बघायला. पेनल्टी मिळाली की त्यांचं मिरच्या बघायचं राहून जायचं. खेळाविषयी आम्ही दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलायचो नाही.

आठवड्यातला तेवढा दीड तास माझा. बाकीचा आठवडा टँकरच्या रांगेचा, चुलीचा आणि पाहुण्यांचा. पुढे मी जो वेडेपणा केला तो या दीड तासासाठी केला. तेव्हा मात्र मी त्याला गावाचा स्वाभिमान वगैरे म्हणत होते.

लातूर नुकताच नवा जिल्हा झालेला. उस्मानाबादहून कपाटं, फायली आणि साहेब ट्रकात बसून लातूरला चालले होते. त्या वाऱ्यात आमच्या गावातलाही दातांचा डॉक्टर गेला, टायपिंगचा क्लास गेला, पेढ्याचं एक बरं दुकान होतं तेही गेलं. जे जे हलण्यासारखं ते लातूरला जाणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. हलण्यासारखा आता एक फुटबॉलचा क्लबच उरला होता.

एका गुरुवारी मी टँकर आला का ते बघायला माळवदावर गेले, तर मैदानात लिंबाखाली दोन माणसं उभी. एक आमच्या क्लबचे अध्यक्ष. आडतीचा व्यापार, कपाळावर विभूतीचे पट्टे, सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. दुसरा परगावचा, कडक इस्त्रीचं धोतर. दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. आमच्याकडे बाजारात असाच सौदा होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका भाव, आणि बघणाऱ्यानं बघायचं नाही. मी बघितलं. परगावच्याचं कोपर तीनदा हललं.

क्लब विकला! माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. अप्पांचा देवणी बैल त्या दोघांच्या मागे धडधडीत उभा होता. पण तो रोजच तिथं असायचा, मैदानावरचा रोलर ओढायला. रोज दिसणारी गोष्ट मी हिशेबात धरत नसे. हुशार होते ना!

टँकरच्या रांगेत माझ्या पुढं शिंप्याची बायको होती. शिंपी आमचा गोलकीपर.

"काहो, क्लब विकून राहिले म्हणे," मी म्हटलं. 'म्हणे' माझंच.

"अगं माय! कोण घेऊन राहिलं?"

"लातूरचा वाटला. धोतर लई कडक होतं. टॉवेलाखाली कोपर तीनदा हललं त्याचं. डाळमिलवाला असंल."

"डाळमिल म्हंजे शर्ट पिवळे करील," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना पिवळा रंग शोभत न्हाई बघ."

दुपारी सासरे जेवायला बसले आणि म्हणाले, "ऐकलं का? लातूरचा डाळमिलवाला अन् नांदेडचा एक कंत्राटदार, दोघांत किलबासाठी चढाओढ लागलीय."

माझी भाकरी तव्यावरच राहिली. पाहा, मी म्हणत होते तेच! आणि आता तर दुसऱ्याच्या तोंडून आलं, म्हणजे पक्कं. सकाळी मीच सोडलेलं वासरू संध्याकाळी दारात आलं, तर मी त्याला ओळखलं नाही. उलट त्याचं कौतुक केलं.

शनिवारपर्यंत गावाला दुसरा धंदा उरला नाही. हॉटेलात बाप्ये वाद घालत बसले : कोपर तीनदा हललं म्हणजे तीन काय? कोणी म्हणालं तीन हजार, कोणी म्हणालं तीनच खेळाडू नेणार, बाकीचे गावाला परत. साखर कारखान्यानं घेतला तर हाफटाइमला सरबत फुकट मिळंल, असं एकाचं मत पडलं, तर लगेच दहा जण कारखान्याच्या बाजूचे झाले. शिंप्यानं अकरा जणांची पिवळ्या शर्टाची मापं घेऊन ठेवली. आणि सेंटर फॉरवर्डनं सख्ख्या भावाला अहो-जाहो सुरू केलं. लातूरला जायचं तर सवय पाहिजे, म्हणाला.

मला मात्र रडू येत होतं. क्लब गेला की मी माळवदावर कशाला जाणार? खरोखरच मिरच्या वाळवायला?

रविवारी मॅचच्या आधी तो लातूरकर पुन्हा आला. पुन्हा लिंब, पुन्हा टॉवेल. सगळं गाव जमलेलं, पण मान दुसरीकडे वळवून उभं, कारण सौदा चालू असताना बघणं म्हणजे बेशरमपणा. मी सूप खाली ठेवलं.

"कुठं निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"मिरची खाली पडली, आत्याबाई."

त्यांनी लिंबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग आण की जाऊन," त्या म्हणाल्या. "सावकाश आण."

पदर खोचून मी तरातरा मैदानात गेले. गोलकीपर "वहिनी, वहिनी!" करत मागं धावला. मी टॉवेलाचं टोक धरलं आणि ओढलं.

उघड्या उन्हात, अख्ख्या गावासमोर, लातूरकराच्या मुठीत अप्पांची दोन बोटं. न्हाणीचं दार उघडं पडावं तसा अप्पांनी हात एकदम धोतरात लपवला.

"क्लब विकायचा नाही!" मी ओरडले. "आमचा क्लब लातूरला न्यायचा नाही!"

"कुठला किलब?" अप्पांनी विचारलं.

"हा!"

"अगं पोरी, मी बैल विकून राहिलो. चाऱ्याचं वांधं हाय." अप्पांनी मागं बोट दाखवलं. बैलानंही माझ्याकडे बघितलं. "अन् किलबाला कोण घेतंय? गेल्या साली मी कारखान्याला फुकट द्यायला गेल्तो. न्हाई म्हणले. वर चहा पाजला अन् वाटंला लावलं."

यावर सगळ्यांनी हुश्श करायला हवं होतं. पण गावाला ते झोंबलं. तीन दिवस आपल्यासाठी लातूर आणि नांदेड भांडत होते, आणि आता फुकटही कोणी नेईना! मलाही लागलं. विकू नका म्हणून ओरडणारी मी, मनातून विचारत होते, काहून नको?

शिंपी लातूरकरापुढं जाऊन उभा राहिला. "मालक, आमच्यात काय कमी हाय? तुम्हीच घ्या ना."

"म्या बैलाचा गिऱ्हाईक हाय, बाबा."

"बघा तर आधी! बघायला काय लागतंय?"

मैदानातली एकुलती एक खुर्ची आणून त्याला बळंच बसवलं. मी माळवदावर परतले. समोरचा संघ बिलोलीहून आलेला. आमची पोरं अशी खेळली की लातूरकराच्या खुर्चीसमोरून बॉल न्यायचा म्हणून गोल सोडून तिकडेच पळायची. आम्ही पाच गोलांनी हरलो. त्यातले दोन आम्हीच आमच्यावर मारले. शिट्टी झाल्यावर सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

लातूरकरानं बराच विचार केला. "बैल चांगला हाय," तो म्हणाला आणि धोतर सावरत संध्याकाळची एसटी धरायला गेला.

बैल घेऊन मात्र गेला नाही. उघड्या पडलेल्या भावावर कोणता व्यापारी सौदा करील? अप्पा थेट आमच्या ओसरीवर येऊन बसले. "तुमच्या सुनंनं गिऱ्हाईक घालवलं. आता बैलाला खाऊ काय घालू?"

सासऱ्यांनी आणि अप्पांनी तंबाखू मळत मळत तोडगा काढला. ज्याला मॅच बघायची त्यानं बैलासाठी कडब्याची एक पेंढी आणायची, कडबा नसंल तर उसाचं वाढं चालंल. आणि माझ्याकडे न बघता सासरे म्हणाले, "आमच्या घरची पेंढी हिनंच न्यायची. दर रविवारी, डोक्यावर घेऊन, सगळ्या गावासमोरून. मॅच संपंस्तोर बैलापाशी थांबायचं अन् त्यानं खाल्लं का ते बघायचं. लाज वाटली पाहिजे."

मी मान खाली घातली, कारण तोंडावर हसू आलं होतं. बैल मैदानाच्या कडेला, टचलाइनलाच बांधलेला असायचा. पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा बॉलचा आवाज जवळून ऐकला.

घरी आले तर सासूबाई चुलीपुढं बसलेल्या. "वाटली का लाज?" त्यांनी विचारलं.

"लई वाटली, आत्याबाई."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग हळूच म्हणाल्या, "सून चुकली म्हंजे सासूचंबी थोडं चुकतंच. पुढच्या रविवारी मलाबी वाटू दे की."

आणि पुढच्या रविवारी चाराच्या आधीच एक पेंढी डोक्यावर घेऊन त्या माझ्या पुढं चालायला लागल्या.