कोणी आलं नव्हतं

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं. मोटर बंद करायची, गुरं सोडायची, तंबाखू आणायची. पुढे पुढे गावातल्या लोकांनी विषय काढणंच सोडलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख होतं. दुःख होतंच, पण मी उठून जायचो ते त्यासाठी नाही.

आता लिहितोय तेही मन हलकं करायला नाही. पेणमधल्या एका साहेबानं हे वाचावं आणि त्याला दोन दिवस घास गोड लागू नये, म्हणून लिहितोय. त्याचं नाव लिहीत नाही. तो स्वतःला बरोबर ओळखेल.

माझा पुतण्या, म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा, सायकल शर्यतींवर पोट भरायचा. आमच्याकडे हे पटवून देताना तोंड दुखायचं. सायकल चालवायचा पगार कोण देतं? तर परदेशातला एक संघ द्यायचा. आमचं गाव कासू स्टेशनाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. मिठागराच्या बांधावर समोरून वारा घेत तो सायकल शिकला. मोठा झाल्यावर गागोद्याकडच्या चढावर जायचा, तिथून रोह्याला, कुंडलिकेच्या पुलावरून फिरून परत. घरी येऊन भाताचं पातेलं रिकामं करायचा. माझी भावजय म्हणायची, "याला सायकल नाय, बैल म्हणून जुंपा."

परदेशी संघाच्या त्याच्या सदऱ्यावर कसल्या कसल्या कंपन्यांची नावं होती. बाहीवर बोटभर तिरंगा होता. आमच्या लोकांना तेवढाच दिसायचा.

एका शर्यतीत, मोठ्या डोंगरातल्या टप्प्यात, तो नावाजलेल्या सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. आम्ही समाजमंदिरात पडदा लावून बघत होतो. फटाके फुटले. टीव्हीवरचा गोरा समालोचक इंग्रजीत काहीतरी बोलून हसला. मी आमच्या शाळेतल्या मास्तरांना विचारलं, काय म्हणतो? मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "म्हणतोय, त्या देशातून असा घाट चढणारा माणूस येतो कसा? बाटलीत काय आहे ते बघायला हवं."

नंतर पुतण्याचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, इथं त्यांच्यातला कुणी जिंकला की म्हणतात, रक्तातच आहे. मी जिंकलो की म्हणतात, रक्त तपासा."

आणि तपासायचेच. एकदाही काही सापडलं नाही. पण या खेळात आणखी एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. खेळाडूनं रोजचा एक तास आणि एक ठिकाण आधी कळवून ठेवायचं. त्या तासात तपासणीचा माणूस न सांगता येऊ शकतो. तो आला आणि खेळाडू भेटला नाही, तर ती चूक धरतात. वर्षभरात अशा तीन चुका झाल्या की लघवीचा थेंबही न तपासता बंदी. पुतण्याच्या दोन झाल्या होत्या. एकदा विमान उशिरा आलं, एकदा सरावाच्या गावी खोली बदलली आणि कळवायचं राहिलं. तिसरी माझी.

आता आमच्या गावाची एक सवय सांगतो. एका कंपनीला आमच्या जमिनी हव्या होत्या. त्या वेळी गावात जो अनोळखी माणूस हातात फाइल घेऊन पूर्ण नाव विचारत यायचा, तो नोटीस घेऊन आलेला असायचा. नोटीस हातात घेतली की फसलो. म्हणून गावानं ठरवलं होतं, कुणाचंही नाव विचारलं तरी माणूस घरात नाही म्हणायचं. लढ्यात मी पुढे होतो, ही शिकवण घरोघर मीच दिली. आमच्या बायका इतक्या तयार झाल्या की नवरा समोर बसून बिडी ओढत असला तरी सांगायच्या, "त्यांना मरून दोन वर्सं झाली, साहेब." लढा संपला, जमिनी राहिल्या. सवयही राहिली.

पुतण्या गणपतीला घरी आला होता. लांबच्या प्रवासानं डोळे उघडे राहत नव्हते. झोपायच्या आधी मला म्हणाला, "काका, सकाळी कोणी विचारत आलं तर मला उठव. नक्की उठव." मी म्हटलं, व्हय.

सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. भावजय दुर्वा काढायला गेली होती. मोटारसायकलवरून एक माणूस उतरला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात फाइल. त्यानं माझ्या पुतण्याचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

माझ्या तोंडातून निघालं, "नाय हाय तो. रात्रीच मुंबईला गेला."

"पण त्यांनी इथलाच पत्ता दिलाय."

"दिला असंल. गेला."

"मी खेळाच्या तपासणीसाठी आलोय, काका. पुण्याहून."

हे ऐकून तरी मी भानावर यायला हवं होतं. पण पूर्वी आमच्याकडे मोजणीवाले पोलिओचे डोस द्यायला आलोय असं सांगून आले होते. खेळाची तपासणी म्हणजे मला नवीन सोंग वाटलं. मी मनात खूश झालो, की म्हाताऱ्याला अजून कोणी फसवू शकत नाही. त्यानं फोन लावून बघितला. पुतण्याचा फोन बंद होता. मग तो म्हणाला, मला तासभर थांबावं लागेल. मी म्हटलं, थांबा की. त्याला बसायला चटई दिली, कोरा चहा दिला, कुठले, काय, मुलंबाळं किती विचारलं. मागच्या खोलीत पुतण्या घोरत होता. मधल्या भिंतीला टेकून तो माणूस घड्याळ बघत होता.

तो गेला. बऱ्याच वेळानं पुतण्या डोळे चोळत बाहेर आला.

"काका, कोणी आलं होतं?"

तेव्हा मला सगळं उमगलं. त्याचा रात्रीचा शब्द, ती बॅग, खेळाची तपासणी. सांगितलं असतं तर तो त्या माणसामागे धावला असता. कदाचित पेणच्या नाक्यावर गाठलाही असता. निदान त्याच दिवशी त्याच्या संघाला खरं कळवता आलं असतं. मी सांगितलं, "नाय. कोणी आलं नव्हतं."

खोटं बोलायला तीन शब्द लागले. पुढचं सगळं त्यांच्या आधारावर उभं राहिलं.

महिन्यात तपासणीवाल्यांचं पत्र आलं, तिसरी चूक धरल्याचं. पुतण्या मला म्हणाला, "ते म्हणतात माणूस आला होता, एका म्हाताऱ्यानं चहा दिला." मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "ते कायपण लिहितील. त्यांना आपला माणूस वर गेलेला बघवत नाय." त्यानं ते मानलं. मानणारच. त्या समालोचकाचं हसणं मीच त्याला सांगितलं होतं. तपासणीचा माणूस पुण्याचा होता, आपला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोष परदेशावर ढकलला, आणि तो ढकलणं किती सोपं होतं!

गावानं ते उचललं, पेणनं उचललं. आणि साहेबानं तर डोक्यावर घेतलं. साहेब सायकलवाल्यांच्या संघटनेचा मोठा माणूस. पुतण्या जिंकला तेव्हा त्याला उघड्या जीपमधून मिरवणारा हाच. आता तो पत्रकारांना सांगायला लागला, हा भारताविरुद्धचा कट आहे. चौकात फलक लागला. फलकावर पुतण्या लहान आणि साहेब मोठा.

बंदी घालायची की नाही याची सुनावणी होणार होती, तिच्या आधी माझी झोप उडाली होती. मी साहेबाच्या बंगल्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मला त्या सुनावणीत बोलू द्या. सवय होती, चूक माझी, पोराची नाही.

साहेब नाश्ता करत होता. त्यानं आधी तोंड पुसलं.

"आजोबा, मी सगळ्या देशाला सांगितलंय की कट आहे. आता सांगू, की गावच्या म्हाताऱ्यानं गंमत केली?"

"गंमत नाय, साहेब."

"जग हसेल. देशाची लाज जाईल. एका माणसाची गेली तर चालतं."

मग त्यानं माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. मी ते पोहे खाल्ले. हे मी विसरलेलो नाही, साहेब, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही. तुम्ही मला गप्प बसायला सांगितलंत आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

सुनावणीत पुतण्यानं सांगितलं, माझा काका ओट्यावर होता, तो खोटं बोलत नाही. त्यांनी तपासणीच्या माणसानं काढलेला आमच्या ओट्याचा फोटो समोर ठेवला. चहाचा कप होता, चटई होती. पुतण्या खोटारडा ठरला. बंदी आली, संघानं काढून टाकलं. परदेशी वृत्तपत्रांनी लिहिलं, आम्हाला वाटलंच होतं.

आणि आपल्या लोकांनी? साहेबानं आठवड्यात पलटी मारली. म्हणाला, "दोष व्यक्तीचा आहे, देशाचा नाही. अशा माणसानं बाहीवर तिरंगा लावायलाच नको होता." चौकातल्या फलकावर कोणीतरी शेण फेकलं, फक्त पुतण्याच्या तोंडावर. कासूच्या स्टेशनात माझ्या भावजयीला एका बाईनं विचारलं, "काय गो, पोरगा काय घ्यायचा? आमच्या म्हशीला देऊ थोडं." भावजयीनं पुन्हा कधी कासूहून गाडी पकडली नाही, बाजाराला टमटमनं जायला लागली.

पुतण्यानं सायकल विकली आणि रोह्याला कंपनीत लागला. शिफ्टची नोकरी. बंदी संपली तरी शर्यतींकडे परत फिरला नाही.

गेल्या वर्षी साहेबानं पेणहून रोह्यापर्यंत तिरंगा सायकल फेरी काढली. त्याला कसलीतरी निवडणूक लढवायची होती आणि खाडीकडची मतं हवी होती. म्हणून लढ्यातला जुना माणूस म्हणून मला मंचावर बोलावलं. मी गप्प बसणारा म्हातारा, असा त्याचा हिशेब. शाल दिली, नारळ दिला आणि म्हणाला, आजोबा, दोन शब्द बोला.

मी बोललो. ओट्यावरची सकाळ सांगितली, पोहे सांगितले, देशाची लाज सांगितली, त्याच्याच शब्दांत. साहेब आधी हसत होता. मग माईकवाल्याला खुणा करायला लागला. माईकवाला आमच्या गावचा निघाला, तो तारांकडे वाकून काहीतरी शोधत बसला. समोर सगळ्यांचे फोन वर होते. साहेबाच्या मानेवर घाम आलेला मी जवळून पाहिला, आणि इतक्या वर्षांत मला तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवलं की बरं वाटतं. निवडणुकीत तो पडला. त्या दिवशी मी जिलेबी आणली.

पण माईकवर मी एक वाक्य गिळलं. पुतण्यानं मला विचारलं होतं आणि मी 'कोणी आलं नव्हतं' म्हणालो होतो, ते मी सांगितलं नाही. लोकांना वाटलं, भोळ्या म्हाताऱ्याची सवय आणि साहेबाची बदमाशी. टाळ्या मला पडल्या.

त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी, निवडणुकीच्या आधीच, मी रोह्याला पुतण्याच्या खोलीवर गेलो. तो रात्रपाळी करून आला होता. त्यानं फोनवर सगळं ऐकलं होतं.

"साहेबाची चांगली जिरवलीस, काका."

"अजून जिरवणार हाय."

"व्हय. जिरव." त्यानं बूट काढले, नीट कोपऱ्यात ठेवले. "मला ते सुनावणीतच कळलं होतं. चटई आपली होती. तिचा जळका कोपरा दिसत होता."

"मग तू तेव्हा बोलला का नायस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी मग साहेबावर घसरलो. तो कसा पडला पाहिजे, त्याच्या पोरांनी कसं तोंड लपवलं पाहिजे, सगळं भडाभडा बोललो. त्यानं ऐकून घेतलं. बोलून बोलून माझं संपलं, तरी तो तसाच बसून होता. मला कळत होतं, आता माझी पाळी आहे.

"पोरा," मी म्हटलं, "मला..."

त्यानं मान वर केली.

"काय, काका?"

"मला स्टेशनावर सोड. गाडीची वेळ झाली."

तो उठला, काढलेले बूट पुन्हा घातले आणि मोटारसायकलची चावी घेतली.

"चल," म्हणाला. "घट्ट धर, रस्ता खराब हाय."