कोळंबीची गाडी थांबवणारी बाई

ते प्रकरण मला विसरता आलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मी तसा प्रयत्नही केलेला नाही. निवृत्तीच्या काही वर्षं आधी माझी नेमणूक कर्जत तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात होती. मिरजगावच्या अलीकडे, महामार्गाला लागून, मासळीवर प्रक्रिया करणारी एक कंपनी होती. उजनी धरणाच्या फुगवट्यातले मासे आणि कोकणातून बर्फात येणारी कोळंबी तिथे साफ होऊन पुण्याच्या हॉटेलांना रवाना व्हायची. समुद्रापासून इतक्या लांब कोळंबी सोलणाऱ्या बायका बघून सुरुवातीला मला नवल वाटायचं. त्यातल्या बहुतेक जणी पूर्वी दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. कंपनी आल्यापासून त्या गावात राहू लागल्या होत्या आणि त्यांची पोरं वर्षभर एकाच शाळेत जात होती.

ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुपारी जेवणाच्या सुमाराला ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने तो उचलला. पलीकडे धाप लागलेली बाई होती.

"मासळीच्या कंपनीची गाडी निघालीय. कोळंबीत औषध पडलंय. ती गाडी थांबवा."

नाव विचारल्याबरोबर फोन बंद झाला. औषध म्हणजे आमच्याकडे फवारणीचं विष, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ठाण्याला खोटे फोन पुष्कळ येतात. पण खोडसाळ माणूस जास्त बोलतो आणि कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय राहत नाही. या बाईने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि कंपनीच्या मॅनेजरला फोन केला. त्याने ते आधी हसण्यावारी नेलं, मग आवाज बदलला. गाडी श्रीगोंद्याच्या रस्त्याने निघून गेली होती. ड्रायव्हरचा मोबाईल लागत नव्हता. श्रीगोंदा ठाण्याला नाकाबंदीचा निरोप दिला आणि आम्ही जीप काढली.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन, पण इतका लांब कधी वाटला नव्हता. गाडी एकदा पुढे सटकली की दहा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत वाटली जाणार होती. कुणाकुणाला गाठणार? मी पुन्हा पुन्हा ड्रायव्हरचा नंबर लावत होतो. शेवटी गाडी सापडली ती साखर कारखान्याच्या वळणावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलेली. ड्रायव्हर खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होता.

पंचांसमोर गाडी उघडली. थर्माकोलची खोकी बर्फाने भरलेली होती. वरच्या दोन-तीन खोक्यांचं झाकण काढताच पंचांनी नाकाला रुमाल लावला. इतका उग्र वास आल्यावर कोण शिजवेल, असं कुणी म्हणेल. पण बर्फ वितळून औषध खालच्या खोक्यांतही झिरपलं होतं, हे पुढे अहवालात आलं, आणि तिथे वास नावालाही नव्हता. पंचनामा केला, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवले.

फोन कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याच्या मोबाईलवरून आला होता. एका बाईने मागून घेतला, असं तो म्हणाला. कोण होती हे त्याला सांगता येईना. त्याचं खरं होतं. कामावरच्या सगळ्या बायकांच्या डोक्याला एकसारखी टोपी आणि तोंडाला मास्क. मोबाईल आत नेऊ देत नसत, म्हणून तिला तो मागावा लागला होता.

मॅनेजरचा संशय गावातल्या ऊसतोड मुकादमावर होता. बायका कंपनीत लागल्यामुळे त्याची टोळी मोडली होती. मी त्याला बोलावून चांगलं खोदून विचारलं. तो अजिबात घाबरला नाही. आपण दिवसभर कारखान्यावर होतो हे त्याने साक्षीदारांसह पटवून दिलं. जाताना मात्र एक गोष्ट सांगून गेला. मुकादम नवरा-बायकोची जोडी घेतो, तिला एक कोयता म्हणतात. बायको नसली तर एकट्या गड्याला टोळीत कुणी घेत नाही. असे काही गडी यंदा गावात नुसते बसून आहेत आणि लोक त्यांना हसतात, एवढं बोलून तो उठला.

कंपनीतल्या बायकांचे जबाब मी आणि माझ्या महिला अंमलदार ताईंनी तिथेच, जेवणाच्या खोलीत घेतले. कुणी काही पाहिलं नव्हतं. उठताना प्रत्येक बाई एकच विचारायची, कंपनी बंद पडणार का? एकीने तेवढं विचारलं नाही. दारापर्यंत गेली, परत फिरली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, कुनी खाल्लं तर न्हाई ना?"

मी नाही म्हटल्यावर तिने भिंतीला हात टेकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. नवरा बाहेर गेला होता. तिने पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसून राहिली. फोन आपणच केला हे तिने लगेच कबूल केलं. पुढे मात्र काही बोलेना. ताईंनी समजावलं, मी समजावलं. तुम्ही फोन केलात म्हणून माणसं वाचली, आता निम्म्यावर थांबू नका, असं मी म्हणालो.

शेवटी तिने विचारलं, "नाव सांगितलं तर त्याला न्याल ना?"

"न्यावं लागेल," मी म्हणालो. खोटं बोलून नाव काढून घेणं मला जमलं असतं. त्या बाईशी तसं बोलवलं नाही.

ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं एक फडकं घेऊन आली. नवरा रोज दुपारी तिचा डबा पोचवायचा, गाडी भरायच्या धक्क्यावर रचलेल्या खोक्यांशेजारून आत यायचा आणि वॉचमन त्याला अडवत नसे. त्या दिवशी डबा सोडताना फडक्याला औषधाचा वास आला. तुरीवर फवारणी करून तो वास तिच्या ओळखीचा होता. ती धक्क्यावर धावली, तर गाडी भरून निघून गेलेली. एवढं तिने एका दमात सांगितलं. लपवायचं असतं तर तिने फडकं कधीच धुऊन टाकलं असतं.

नवऱ्याला संध्याकाळी बसस्टँडवर ताब्यात घेतलं. फडकं समोर ठेवल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "मला कुनाला मारायचं नव्हतं, साहेब. कंपनी बंद पडावी, यवढंच हुतं मनात. समदी गेली तोडीला, मीच तेवढा ऱ्हायलो." तो रडला नाही, चिडलाही नाही. ते ऐकताना मला त्याच्या रागापेक्षा त्याच्या साधेपणाची भीती वाटली.

पुढचं तिला सोपं गेलं नाही. सासरच्यांनी बोलणं टाकलं. आरोपीची बायको म्हणून मॅनेजर तिला कामावर घेईना, तेव्हा बाकीच्या बायका फाटकाबाहेर बसल्या आणि त्याला नमावं लागलं. खटल्यात तिने जे पाहिलं तेवढंच सांगितलं, शब्द वाढवला नाही. शिक्षा झाली. त्याच दुपारी कोर्टाच्या आवारात तिने मला तुरुंगात भेटीचा वार कोणता असतो ते विचारलं. ती दर भेटीला जात राहिली.

बदली झाल्यावर निघण्याआधी मी तिला भेटलो. तुम्हाला पश्चात्ताप होतो का, असं विचारायला नको होतं, पण विचारलं.

"फोन केला त्याचं न्हाई वाटत," ती म्हणाली. "तुमी घरी आल्यावर नाव सांगितलं, त्याचं वाटतं."

तोवर मला खबर देणारे दोनच प्रकारचे ठाऊक होते, एक वैरी आणि दुसरा लोभी. ही दोन्हींत बसत नव्हती. मी समजत होतो की फोन आणि नाव हा एकाच खरेपणाचा पहिला आणि दुसरा भाग आहे. तिच्यासाठी ती दोन वेगळी कामं होती. पहिलं तिने केलं, दुसरं मी तिच्याकडून करवून घेतलं. आज पुन्हा त्या उंबऱ्याशी बसलो तरी मी नाव विचारीनच, त्याला इलाज नाही. पण त्यानंतर कुठल्याही जबाबाच्या शेवटी 'स्वखुशीने सांगितले' असं लिहिताना माझा हात थोडा थांबायचा.