तीन खाचांचं बटण

आमच्या तारकर्लीत समुद्र घरापासून शंभर पावलांवर होता आणि रेडिओला समुद्र सोसत नसे. खारा वारा आत शिरे, तारांचे सांधे हिरवे पडत आणि बातम्या सांगणारा घसा बसल्यासारखा बोलू लागे. मग रेडिओ टॉवेलात गुंडाळायचा, एसटीत मांडीवर घ्यायचा आणि मालवणच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा. “ह्येचा अर्धा तिकीट काढू?” असं कंडक्टर दर वेळी विचारी, आणि दर वेळी त्याला ते नव्यानेच सुचलेलं असे.

दुरुस्तीवाला माझ्या वडिलांचा जुना विद्यार्थी. वडील शाळामास्तर. त्यांनी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. तरीही, किंवा म्हणूनच, आमचा रेडिओ तो फार मनापासून दुरुस्त करी. दुरुस्त झालेला रेडिओ मात्र लगेच परत देत नसे. तीन दिवस दुकानाच्या फळीवर चालू ठेवी. “घराक जाऊन परत आजारी पडलो तर नाव माझा जायत,” म्हणे. त्या तीन दिवसांत बाजारातून जाणारे आवाजावरून ओळखत, “मास्तरांचो काय रे?” वडील मात्र ते तीन दिवस घरात पाहुण्यासारखे वावरत.

एकदा गंज लागू नये म्हणून आईने मागचं झाकण उघडून रेडिओत खोबरेल तेल सोडलं. आमच्याकडे कुलपाला, बिजागरीला, शिवणयंत्राला आणि सांधेदुखीला हाच एक उपाय होता. आठ दिवसांत आत मुंग्यांनी संसार थाटला.

“काकीनू, ह्येका केस आसत काय?” दुरुस्तीवाल्याने विचारलं. “तेल कित्याक घातलास?”

“मशीनीक घालतंय, तेका कधी काय झाला नाय,” आई म्हणाली. “तुझोच रेडिओ नाजूक.”

त्याने एकेक मुंगी ब्रशने काढली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे तो प्रत्येक दुरुस्ती पेन्सिलीने लिहून ठेवी, तिथे लिहिलं : तेल. काकी.

ऐंशी सालानंतर वडिलांना काचबिंदूने गाठलं. आधी वर्तमानपत्र गेलं, मग पुस्तकं गेली, रेडिओ तेवढा राहिला. पण काटा कुठे आहे ते दिसेना. हे कळल्यावर दुरुस्तीवाल्याने काटा फिरवायच्या मोठ्या बटणाच्या कडेला डाख लावायच्या तापल्या कैयाने तीन खाचा पाडल्या आणि रेडिओच्या अंगावर डाखाचा एक थेंब चिकटवला. खाच थेंबाशी आली की केंद्र लागे. पहिली खाच मुंबई, दुसरी रत्नागिरी, तिसरी पणजी. परत देण्याआधी त्याने स्वतः डोळे मिटून तिन्ही केंद्रं लावून पाहिली. त्या दिवसापासून वडिलांना रेडिओसाठी कुणाला हाक मारावी लागली नाही.

मग बाजारात शोरूम आलं. उद्घाटनाला फीत, तुतारी आणि एक पुढारी होते. पुढाऱ्यांनी आपल्याला एकविसाव्या शतकात नेण्याचं वचन दिलं आणि त्याच वाक्यावर वीज गेली. टाळ्या तरीही झाल्या. जुना रेडिओ द्या, नवा घ्या, अशी योजना होती.

दुरुस्ती का मागे पडली, याची विद्वान कारणं मी पुढे पुष्कळ ऐकली. मुंबईहून सुटे भाग येईनासे झाले, हे खरंच आहे. तीन दिवसांच्या जागी पंधरा दिवस लागू लागले, हेही खरं. पण मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो आणि टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ घेऊन एसटीत बसायची मला लाज वाटू लागली होती. हे कारण कुठे छापून आलेलं मी पाहिलं नाही. मी वडिलांना न विचारता जुना दिला आणि नवा आणला.

नव्याची बटणं गुळगुळीत होती. वडिलांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि “चांगलो आसा,” म्हणाले. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहायचा तोच सूर. मी कचेरीतून येईपर्यंत ते लागेल ते केंद्र ऐकत बसत, पुष्कळदा नुसती खरखर.

दुसऱ्या पावसाळ्यात तो मुका झाला. शोरूमवाला शुद्ध मराठीत म्हणाला, “आतली पट्टीच गेली. दुरुस्त होत नसतं हे. नवीनच घ्या.” मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडला, बराच वेळ पाहिला, आणि झाकण परत लावलं.

“ह्यात माझ्यासाठी कायच ठेवक नाय तेंनी,” तो म्हणाला. “जुनो खंय?”

मी सांगितलं.

त्याने खण उघडला. शोरूममध्ये जमा झालेले रेडिओ भंगारात जात. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून त्याने त्यातलं एक पोतं घेतलं होतं. पोत्यात आमचा होता. त्याचे भाग आता तोंडवलीपासून धामापूरपर्यंत कुणाकुणाच्या रेडिओत बोलत होते. खणातून त्याने बटण काढलं, तीन खाचांचं.

“पोत्यात ह्यो गावलो तेव्हा माका वाटला, मास्तर गेले,” तो म्हणाला. “इचारूक धीर झालो नाय.”

मी ते बटण नव्या रेडिओला लावून पाहिलं.

बसत नव्हतं. घरी आणून ते वडिलांच्या हातात दिलं आणि कुठे मिळालं तेही सांगितलं. त्यांनी अंगठ्याने खाचा मोजल्या. “तिसरी जरा झिजली,” एवढंच बोलले. पणजीची गाणी ते जास्त ऐकत.

पुढे नवा रेडिओ आणायचा मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी हवापाण्याचं विचारलं. मग मी संध्याकाळी सात वाजता त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. ते आरामखुर्चीत बसत, बटण हातात घेत, अंगठा पहिल्या खाचेवर ठेवत, आणि मी सुरू करी. एकदा मला सर्दी झाली होती. मथळा संपायच्या आतच त्यांनी हात वर केला.

“खरखर येता,” ते म्हणाले. “तुका तीन दिस दुकानात ठेवक होयो.”