जुळणारी सही

"बाई, ही सही तुमची नाही."

चांदूर रेल्वेच्या बँकेत काउंटरमागचा बाबू माझ्या बायकोला म्हणाला. बायांच्या बचत गटाच्या डाळमिलसाठी तूर घ्यायची होती, त्याचे पैसे काढायला ती पहिल्यांदाच बँकेत आली होती. तिने दुसऱ्यांदा सही केली. तिसऱ्यांदा केली. पूर्ण नाव, सरळ, शाळेत शिकवतात तसं. बाबूने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मान हलवली. "अध्यक्षांची सही अशी नाही."

अध्यक्ष तीच होती.

मॅनेजरच्या केबिनमधून भाऊसाहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. आमच्या गावचे मोठे जमीनवाले. मला म्हणाले, "तू कर ना बे. तुयी बराबर जुळते."

बाबूने तोंड फिरवलं. मी पेन घेतला. केली. जुळली.

लाइनमधली माणसं हसली. सगळ्यात आधी मी. ही माझी जुनी सवय. कोणी आपल्यावर हसणार असं दिसलं की मी आधीच हसून मोकळा होतो. ती हसली नाही. पेनचं टोपण तिच्या हातात राहिलं होतं. ते तिने काउंटरवर ठेवलं.

आता माझा पराक्रम ऐका. गावात डाळमिल झाली. अनुदान बायांच्या गटालाच मिळत होतं, म्हणून भाऊसाहेबांनी आमच्या बौद्धवस्तीतल्या बाया कागदावर घेतल्या. माझी बायको दहावी, म्हणून ती अध्यक्ष. बाया तूर निवडायच्या, तेल-पाणी लावून वाळवायच्या, मशीन चालवायच्या. मी कागद सांभाळायचो. खातं उघडलं त्या दिवशी ती कापूस वेचायला गेली होती. सहीचा नमुना माझ्याच हातचा गेला. पुढे तीन वर्षं सगळ्या सह्या मीच केल्या. पोरीच्या जुन्या वहीत सराव केला. सहीखाली एक झोकदार फराटा ओढायचो. त्या फराट्याचा मला गर्व होता, बोला!

त्याच्या बदल्यात भाऊसाहेब मला मिलच्या ऑफिसात खुर्ची द्यायचे. प्लास्टिकची. माझा बाप त्यांच्या बापासमोर उकिडवा बसायचा, दाखवतील तिथे अंगठा लावायचा. अशाच एका अंगठ्यात आमचं दोन एकर वावर गेलं. घरातला अंगठा परत कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून बापाने मला शाळेत घातलं.

मी शिकलो. आणि बायकोचा अंगठा खिशात घालून फिरलो.

बँकेबाहेर भाऊसाहेबांनी मला एक कागद दिला. मिल दहा वर्षं त्यांच्या पोराला चालवायला द्यायची, असा गटाचा ठराव. "याच्यावरबी तशीच कर. सोमवारी आणून दे." पाठीवर थाप मारली. "बाईले काहून तकलीफ देतं?"

घरी ती सुपात तूर घेऊन बसली. मी कागद पुढे ठेवला. तिने सावकाश वाचला.

"सही कोनाची पाह्यजे?"

"तुयी."

"मंग तुमीच करा. मायी त जुळत नाही."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. मी एखादा विनोद शोधत होतो. सापडला नाही. ती पुन्हा तूर पाखडू लागली.

सोमवारी मिलवर गेलो. ठराव बिनसहीचाच परत दिला.

"सही?"

"अध्यक्षाले इचारा, भाऊसाहेब. मशीनीजवळ उभी हाये."

"अन तीन सालापासून कोन करून राह्यलं? तुयावरच केस होईन. जेलात जाशीन!"

"हो. लिहूनच आणलं."

बँकेला द्यायचा अर्ज दाखवला. आजवरच्या सगळ्या सह्या माझ्या. तिची एकही नाही. भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. बोलू."

मी बसलो नाही. हिंमत वगैरे काही वाटली नाही. अर्जाची घडी करून खिशात ठेवली, एवढंच.

अर्ज बँकेत दिला. खातं सध्या बँकेने थांबवलंय. मिल बंद आहे. वस्तीतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत, बरोबर करतात. बँकेत तिच्या सहीचा नवा नमुना द्यायला गेलो तेव्हा बायकोने मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. थांबलो. तिने माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

ठराव अजून बिनसहीचा आहे. तिच्या हाताशिवाय तो पुरा होणार नाही, आणि तिचा हात आता माझ्याकडे नाही.

चौकशीला बोलावणं आलंय. जाणार आहे. जबाबाखाली सही करीन ती माझी. पूर्ण नाव, सरळ. फराटा नाही.